नेपोलियनचे साम्राज्य आणि त्याची आई

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले व्याख्यान)



वर्धापनदिनी मी काहीतरी बोलावे असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा विषय कोणता घ्यावा असे मी विचारले. त्या म्हणाल्या, "तुम्ही आयुष्यभर शाळेत इतिहास शिकविलात, तेव्हा एखाद्या थोर पुरुषाविषयी बोला." मी नेपोलियनचे नाव सुचविले. शेजारी समारंभाच्या सामानाची यादी करीत बसलेल्या एक भगिनी मान वर करून म्हणाल्या, "अहो, पण तो थोर कसा? त्याच्यापायी किती आयांची मुले गेली असतील!" या भगिनींचा स्वतःचा मुलगा सैन्यात आहे, हे आपणा सर्वांना ठाऊक आहे.

खरे सांगते, मला तिथल्या तिथे उत्तर देता आले नाही. मी इतकी वर्षे नेपोलियन शिकविला, लढायांच्या सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या, परीक्षेत प्रश्न घातले. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नाही, आणि मीही स्वतःला विचारला नाही. आजचे माझे बोलणे म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजा. त्यासाठी आपण नेपोलियनकडे त्याच्या सेनापतींच्या बाजूने न पाहता त्याच्या आईच्या बाजूने पाहू. तिचे नाव लेतिझिया. मुलाचा उदयही तिने पाहिला आणि अस्तही पाहिला.

भूमध्य समुद्रात कॉर्सिका नावाचे एक डोंगराळ बेट आहे. जिनोआच्या प्रजासत्ताकाने ते १७६८ साली फ्रान्सच्या हवाली केले. बेटावरील लोकांना हा व्यवहार मान्य नव्हता. पाओली नावाच्या पुढाऱ्याच्या मागे ते फ्रेंचांशी लढले आणि १७६९ च्या मे महिन्यात हरले. त्या धामधुमीत लेतिझिया पोटुशी असतानाही नवऱ्याबरोबर डोंगरदऱ्यांतून हिंडत होती. त्याच साली ऑगस्टच्या १५ तारखेला, म्हणजे आपल्याला सहज लक्षात राहील अशा तारखेला, अजाचियो गावी नेपोलियनचा जन्म झाला. ज्या फ्रान्सने त्याचे बेट जिंकले, त्याच फ्रान्सचा तो पुढे सम्राट व्हायचा होता!

लेतिझियाचे लग्न तेराव्या-चौदाव्या वर्षी झालेले. तिची आठ मुले जगली. १७८५ साली नवरा वारला, तेव्हा ती पस्तिशीची होती आणि नेपोलियन पंधरा वर्षांचा होता. पुढे १७९३ साली बेटावरच्या राजकारणात हे कुटुंब विरोधकांच्या रोषाला पात्र झाले आणि तिला मुलाबाळांसह नेसत्या वस्त्रानिशी फ्रान्सचा किनारा गाठावा लागला. त्या दिवसांतले दारिद्र्य ती कधी विसरली नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा, तिचा पुढे संबंध येणार आहे.

इकडे फ्रान्समध्ये १७८९ साली राज्यक्रांती झाली होती. पूर्वी सैन्यातल्या मोठ्या जागा सरदारांच्या मुलांसाठी राखलेल्या असत. क्रांतीनंतर त्यांतले पुष्कळ अधिकारी देश सोडून पळाले आणि गुणी माणसाला वाट मोकळी झाली. नेपोलियन तोफखान्यातला अधिकारी होता. १७९३ साली तूलाँ बंदर इंग्रजांच्या हातून सोडविण्यात त्याने कौशल्य दाखविले आणि चोविसाव्या वर्षी तो ब्रिगेडियर जनरल झाला. १७९६ आणि १७९७ या दोन वर्षांत त्याने उत्तर इटलीत ऑस्ट्रियाच्या फौजांचा एकामागून एक पराभव केला. १७९८ साली तो ईजिप्तवर चालून गेला. तिथे इंग्रज आरमाराच्या नेल्सनने त्याची जहाजे बुडविली, तरी परत येऊन नोव्हेंबर १७९९ मध्ये त्याने पॅरिसची सत्ता हाती घेतली. तेव्हा त्याचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

भगिनींनो, पुढची चार-पाच वर्षे ही त्याच्या कारकिर्दीतली सर्वांत फलदायी वर्षे होत. १८०० साली बँक ऑफ फ्रान्स निघाली. क्रांतीत सरकार आणि चर्च यांच्यात पडलेली फूट १८०१ च्या कराराने मिटली. सरकारी माध्यमिक शाळा निघाल्या. आणि १८०४ च्या मार्च महिन्यात सर्व फ्रान्सला लागू होणारी एकच कायदेसंहिता जाहीर झाली. तोपर्यंत तिथे प्रांतागणिक कायदा बदलत असे. आता कायद्यापुढे सरदार आणि शेतकरी सारखे ठरले, आणि बापाच्या मागे मुलगा व मुलगी दोघांना वारसा मिळू लागला.

पण याच संहितेत दुसरीही एक बाजू आहे, आणि ती आपण बायकांनी वाचलीच पाहिजे. नवऱ्याने बायकोचे रक्षण करावे आणि बायकोने नवऱ्याची आज्ञा पाळावी, असे त्यात स्पष्ट कलम होते. नवऱ्याच्या परवानगीवाचून तिला कोर्टात उभे राहता येत नसे की स्वतःची मिळकत विकता येत नसे. बायको व्यभिचारी म्हणून नवऱ्याला घटस्फोट मिळे. बायकोला मात्र, नवऱ्याने दुसरी बाई आपल्याच घरात आणून ठेवली असेल तरच त्या कारणावर तो मिळे. क्रांतीने गुलामगिरी बंद केली होती, ती १८०२ साली वसाहतींत पुन्हा सुरू करणाराही हाच पुरुष. दाराला कडी कोणी लावली हे सांगायचे, तर दार कोणी उघडले तेही सांगावे, म्हणून दोन्ही सांगितले.

आणखी एक गोष्ट त्याने सत्तेवर येताच केली. १८०० च्या जानेवारीत पॅरिसमधील ७३ राजकीय वृत्तपत्रांपैकी ६० एका हुकुमाने बंद केली. मादाम द स्ताल नावाच्या विदुषीला तिच्या मतांपायी पॅरिसबाहेर घालविले, आणि जर्मनीवर तिने लिहिलेला ग्रंथ १८१० साली छापखान्यातच जप्त करून नष्ट केला. लाखांच्या फौजा बाळगणाऱ्या माणसाला एका बाईच्या लेखणीचे भय वाटले!

२ डिसेंबर १८०४ रोजी पॅरिसच्या नोत्र दाम चर्चमध्ये राज्याभिषेक झाला. रोमहून पोप आला होता, पण नेपोलियनने मुकुट स्वतःच्या हातांनी आपल्या मस्तकी ठेवला आणि मग पत्नी जोसेफिनला मुकुट घातला. दाव्हिद या चित्रकाराने या प्रसंगाचे भव्य चित्र काढले. त्यात मधोमध उंचावर सम्राटाची आई बसलेली दिसते. प्रत्यक्षात ती त्या दिवशी तिथे नव्हतीच! नेपोलियनचे धाकटा भाऊ ल्यूसियँ याच्याशी त्याच्या लग्नावरून बिनसले होते, आणि आई दुखावलेल्या मुलाजवळ रोममध्ये राहिली होती. राजवाड्यात तिला मान होता, नेमणूक होती. पण ती पैसा जपून ठेवी. लोक तिला कंजूष म्हणत. "या सगळ्या राजांना एक दिवस मलाच भाकरी घालावी लागेल," अशा अर्थाचे ती बोले, असे सांगतात. आपल्यापैकी ज्यांनी हलाखीत संसार केला आहे, त्यांना तिच्या बोलण्याचा अर्थ समजावून सांगायला नको.

यानंतरची दोन-तीन वर्षे म्हणजे विजयांची माळच. २ डिसेंबर १८०५ रोजी, राज्याभिषेकाच्या बरोबर पहिल्या वाढदिवशी, ऑस्टरलिट्झला त्याने ऑस्ट्रिया आणि रशिया यांच्या एकत्र फौजांचा धुव्वा उडविला. १८०६ साली शेकडो वर्षांचे पवित्र रोमन साम्राज्य मोडले. त्याच साली १४ ऑक्टोबरला येना आणि आउअरश्टेट येथे एकाच दिवशी प्रशियाची फौज उद्ध्वस्त झाली. जून १८०७ मध्ये टिल्झिट येथे नेमान नदीच्या मधोमध बांधलेल्या तराफ्यावर तो रशियाच्या झारला भेटला. त्याच टिल्झिटला प्रशियाची राणी लुईझ पदर पसरून आली. आमचे निदान एवढे-तेवढे प्रांत तरी ठेवा, अशी तिने विनवणी केली. नेपोलियनने तिचा मान राखला, पण मागणे मानले नाही. प्रशियाचा जवळजवळ निम्मा मुलूख गेला. ही राणी १८१० साली वारली. तिचा अपमान मात्र प्रशियाचे लोक विसरले नाहीत.

आता सारे युरोप त्याच्या पायाशी आले. सासरी-माहेरी भांडी वाटावीत तशी त्याने सिंहासने वाटली. थोरला भाऊ जोसेफ आधी नेपल्सचा आणि मग स्पेनचा राजा झाला, लुई हॉलंडचा, जेरोम वेस्टफालियाचा. बहीण कॅरोलिनचा नवरा म्युरा नेपल्सला बसला. फ्रान्सची हद्द एका टोकाला रोमपर्यंत आणि दुसऱ्या टोकाला हॅम्बुर्गपर्यंत पोचली.

मग एवढे मोठे साम्राज्य इतक्या लवकर कोसळले कसे? पुस्तकात आम्ही रशियाची थंडी असे एका शब्दात उत्तर शिकवीत आलो. ते अपुरे आहे. ऑस्टरलिट्झच्या आधी सहा आठवडे, २१ ऑक्टोबर १८०५ रोजी, ट्राफल्गारच्या समुद्रात नेल्सनने फ्रेंच आणि स्पॅनिश आरमाराचा नाश केला होता. समुद्र इंग्रजांचा झाला. तेव्हा नेपोलियनने ठरविले की, युरोपच्या एकाही बंदरात इंग्रजांचा माल उतरू द्यायचा नाही. नोव्हेंबर १८०६ मध्ये बर्लिनहून तसा हुकूम निघाला.

या हुकुमाची झळ पहिल्यांदा पोचली ती बायकांच्या स्वयंपाकघराला. साखर, कॉफी, मसाले समुद्रापलीकडून येत. ते महागले, मिळेनासे झाले. कॉफीच्या जागी चिकोरीचे मूळ भाजून दळू लागले. बीटपासून साखर काढण्याच्या उद्योगाला नेपोलियनने १८११ पासून सरकारी उत्तेजन दिले, आणि आज युरोपात बीटची साखर घरोघर आहे त्याचा मोठा पाया तेव्हाचा. टंचाईतूनही एखादी उपयोगी गोष्ट निघते, ती अशी. पण एका बंदरातून जरी माल उतरला तरी सारा बेत फुकट जाई. म्हणून प्रत्येक किनारा ताब्यात हवा, प्रत्येक राजा आज्ञेत हवा. पोर्तुगाल ऐकेना, म्हणून १८०७ साली तिकडे फौज गेली. तिच्यामागून स्पेन गिळंकृत केले. सख्खा भाऊ लुई हॉलंडच्या व्यापाऱ्यांची दया येऊन कानाडोळा करू लागला, तर १८१० साली त्याचेही राज्य खालसा झाले. आणि त्याच सालच्या अखेरीस रशियाच्या झारने ही नाकेबंदी झुगारून दिली. थांबावे म्हटले तरी थांबता येणार नाही, अशी वाट त्याने स्वतःच धरली होती.

स्पेनमध्ये २ मे १८०८ रोजी माद्रिदचे लोक उठले. राजे शरण गेले तरी शेतकरी, पाद्री, बायका शरण गेल्या नाहीत. सारागोसाच्या वेढ्यात तोफेजवळचे गोलंदाज पडले तेव्हा अगुस्तिना नावाच्या तरुणीने पुढे होऊन स्वतः तोफ डागली. स्पेनचे ते युद्ध सहा वर्षे चालले आणि फ्रान्सची लाखो माणसे तिकडे अडकून पडली.

आता या फौजा कोठून येत, हे पाहू. कारण आपल्या भगिनींचा प्रश्न इथेच आहे. १७९८ च्या कायद्याने फ्रान्समध्ये वीस ते पंचवीस वर्षांच्या तरुणांना सक्तीची लष्करभरती लागू झाली होती. चिठ्ठ्या टाकून नावे निघत. पैसेवाल्याला आपल्या जागी दुसरा माणूस विकत देता येई. गरिबाला ती सोय नव्हती. लग्न झालेल्याला सूट मिळे, म्हणून कितीतरी घरांत घाईघाईने लग्ने उरकली जात. पुष्कळ तरुण रानावनात पळून जात, मग त्यांच्या घरांवर शिपाई येऊन बसत. गावोगावच्या आया या चिठ्ठ्यांच्या दिवसाची कशी वाट पाहत असतील, हे मी सांगण्याची जरुरी नाही.

राजवाड्यातही सुख नव्हते. वारस हवा म्हणून डिसेंबर १८०९ मध्ये त्याने जोसेफिनशी घटस्फोट घेतला आणि १८१० साली ऑस्ट्रियाच्या सम्राटाची मुलगी मारी लुईझ हिच्याशी लग्न केले. मार्च १८११ मध्ये मुलगा झाला. पाळण्यातच त्याला 'रोमचा राजा' ही पदवी मिळाली.

२४ जून १८१२ रोजी नेपोलियनच्या सैन्याने नेमान नदी ओलांडून रशियात प्रवेश केला. मागाहून आलेल्या तुकड्या धरून ते सैन्य सहा लाखांच्या घरात जाते. त्यात निम्म्याहून अधिक माणसे फ्रेंच नव्हतीच. जर्मन, पोलिश, इटालियन, डच अशा जिंकलेल्या आणि मित्र म्हणविलेल्या देशांतली होती. ७ सप्टेंबरला बोरोदिनोची भीषण लढाई झाली. आठवड्याने तो मॉस्कोत शिरला, तर शहर ओस पडलेले, आणि लगोलग त्याला आग लागली. तहाची वाट पाहत तो पाच आठवडे बसला. झारने उत्तरच दिले नाही. १९ ऑक्टोबरला माघार सुरू झाली. उपासमार, रोग, थंडी आणि मागून कोसॅकांचे हल्ले! मिनार नावाच्या फ्रेंच अभियंत्याने १८६९ साली या स्वारीचा एक नकाशा काढला. त्यात सैन्य एका पट्ट्याने दाखविले आहे. जाताना तो पट्टा हाताच्या बोटाइतका रुंद, ४,२२,००० माणसांचा. परत येताना दोऱ्यासारखा बारीक, १०,००० माणसांचा. माणसे थंडीनेच मेली असे समजू नका. जातानाच उन्हाळ्यात उपासाने आणि रोगाने हजारो पडली होती.

इथे तरी त्याने थांबावे की नाही? जून १८१३ मध्ये ऑस्ट्रियाचा मंत्री मेटर्निख ड्रेस्डेनला त्याच्याकडे तहाचे बोलणे घेऊन गेला. त्या भेटीचे वर्णन मेटर्निखने लिहून ठेवले आहे. नेपोलियनच्या म्हणण्याचा आशय असा होता की, जन्माने राजे असलेल्यांना वीस वेळा हरून घरी परतता येते. मी शिपायाचा सम्राट झालेला, मला हरणे परवडत नाही. मेटर्निख म्हणाला, तुमचे सैन्य मी पाहिले, ती तर पोरे आहेत. तीही संपली म्हणजे काय कराल? त्यावर संतापून, आपल्यासारख्याला दहा लाख माणसांच्या जिवाची पर्वा नसते, असे नेपोलियन म्हणाला. मेटर्निख हा त्याचा विरोधक, तेव्हा शब्द थोडे इकडेतिकडे असतील. पण कृती त्या शब्दांना धरूनच झाली. ऑक्टोबर १८१३ मध्ये लाइपझिगला चार दिवसांची लढाई होऊन तो हरला. त्याच महिन्यात, ज्यांची पाळी १८१५ साली यायची त्या कोवळ्या मुलांना आधीच बोलाविण्याच्या हुकुमावर सम्राज्ञी मारी लुईझची सही होती. म्हणून त्या मुलांना लोक 'मारी लुईझ' असेच म्हणू लागले. मिसरूड न फुटलेल्या शिपायांना बाईचे नाव मिळाले, ते असे.

३१ मार्च १८१४ रोजी शत्रूंच्या फौजा पॅरिसमध्ये आल्या. नेपोलियनने राज्यत्याग केला आणि त्याला एल्बा बेटावर धाडण्यात आले. मारी लुईझ मुलाला घेऊन माहेरी ऑस्ट्रियाला गेली, ती त्याच्याकडे कधी आली नाही. जोसेफिन मे महिन्यात वारली. एल्बाला आली ती त्याची आई, आणि तिने जपून ठेवलेला पैसा तिथे उपयोगी पडला.

१८१५ च्या फेब्रुवारी अखेर तो एल्बाहून निसटला, २० मार्चला पुन्हा पॅरिसला पोचला. आणि १८ जूनला वॉटर्लूला सगळे संपले. तिथे त्याच्यासमोर वेलिंग्टन उभा होता. हाच तो आर्थर वेलस्ली, ज्याने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या आजच्या जालना जिल्ह्यातील असई गावी शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याचा पराभव केला होता. नेपोलियन त्याला 'शिपायांचा सेनापती' म्हणून हिणवी, असे सांगतात. पुढे म्हातारपणी, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती असे विचारले असता, वेलिंग्टनने वॉटर्लूचे नव्हे, असईचे नाव घेतले. तेव्हा नेपोलियनला हरविणारा माणूस मराठ्यांच्या तोफांपुढे तावून निघालेला होता. आणि त्या संध्याकाळी वेलिंग्टनच्या मदतीला धावून आली ती राणी लुईझच्या प्रशियाची फौज!

सेंट हेलेना बेटावर ५ मे १८२१ रोजी नेपोलियन वारला. लेतिझिया तेव्हा रोमला होती. मुलाला सोडावे म्हणून तिने १८१८ साली युरोपच्या राजांना पत्र लिहिले होते. उत्तर आले नाही. तो गेल्यावर त्याचा देह तरी द्यावा, म्हणून तिने इंग्रज सरकारला लिहिले. त्यालाही दाद मिळाली नाही. व्हिएन्नात वाढलेला नातू १८३२ साली एकविसाव्या वर्षी गेला. दृष्टी गेलेली ही म्हातारी १८३६ साली वारली. नेपोलियनचा देह मोठ्या समारंभाने पॅरिसला आला तो १८४० साली, तिच्या मागे चार वर्षांनी.

भगिनींनो, निदान तिने पत्र तरी लिहिले, आणि ते कोणाला लिहावे हे तिला ठाऊक होते. नेपोलियनच्या युद्धांत फ्रान्सचीच नऊ-दहा लाख माणसे गेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे. रशियाच्या वाटेवर बेपत्ता झालेल्या मुलाचा देह मागण्यासाठी त्यांच्या आयांनी कोणाला लिहावे?

मग तो थोर होता का? कर्तृत्व त्याचे अफाट होते, हे मी आजही शिकवीन. जे लढून मिळविले ते त्याच्या डोळ्यांदेखत गेले. जे बसून, विचार करून, कायद्याच्या पुस्तकात घातले ते राहिले. गोव्यात आजही कौटुंबिक बाबतीत चालणारा कायदा १८६७ च्या पोर्तुगीज संहितेतून आलेला आहे, आणि ती संहिता नेपोलियनच्याच संहितेच्या वळणावर घडलेली. मात्र त्यातली बायकांना घातलेली बेडी तोडायलाही फार वर्षे लागली. फ्रान्समध्ये बायकोने आज्ञा पाळावी हे बंधन १९३८ साली गेले, मताचा हक्क १९४४ साली मिळाला, आणि नवऱ्याच्या संमतीवाचून नोकरी करण्याचा व बँकेत खाते उघडण्याचा हक्क १९६५ साली! लढाईत हरलेला सम्राट बायकांच्या घरात आणखी दीडशे वर्षे राज्य करीत होता, असे म्हणायला हरकत नाही.

देशावर चालून आलेल्याशी लढायला मुलगा पाठविणे निराळे, आणि एका माणसाला हरणे परवडत नाही म्हणून मुलगा देणे निराळे. आपल्या भगिनीला हा फरक माझ्याआधी कळला होता. तिने विचारला तो प्रश्न पॅरिसमध्ये हजारो घरांत कुजबुजला गेला असेल, पण तो मोठ्याने विचारण्याची सोय त्या साम्राज्यात राहिली नव्हती. वृत्तपत्रे बंद होती, लेखणी हद्दपार होती, आणि सम्राटाला 'आता पुरे' असे सांगणारे कोणी उरले नव्हते. त्याच्या पतनाचे मूळ मला तिथे दिसते.

आपल्या मंडळात कामाची यादी करता करताही एक बाई मान वर करून 'तो थोर कसा?' असे विचारू शकते. ही सवय आपण मोडू देऊ नये, एवढेच सांगून मी आपली रजा घेते.